जुलाबाचा खर्च कुठल्या वहीत लिहायचा?

खडीसाखर

मी कॉस्टिंगमधली. आमच्या कारखान्यात एखादं मशीन तासभर बंद पडलं तरी तो खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा यावर मीटिंगा होतात. त्यामुळे खाण्यातून होणाऱ्या आजारांचा खर्च नेमका कोण आणि कुठे लिहितं, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

मोठे आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पहिल्यांदा सगळ्या जगाचा अंदाज काढला, २०१० सालची परिस्थिती धरून. दूषित खाण्यामुळे वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. त्यातली सव्वा लाख पाच वर्षांच्या आतली मुलं. संघटनेच्या ज्या आग्नेय आशिया विभागात भारत येतो, तिथे १५ कोटी आजारी आणि पावणेदोन लाख मृत्यू. मग २०१८ मध्ये जागतिक बँकेने हेच पैशांत मांडलं: गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचं वर्षाला ११० अब्ज डॉलरचं नुकसान.

माझी नजर अडकली ती या ११० च्या फोडीवर. औषधपाण्याचे त्यात फक्त १५ अब्ज. बाकीचे ९५ म्हणजे बुडालेली कमाई, आजारपणातली आणि अकाली मेलेल्यांची कायमचीच. दवाखान्याचं बिल हा एकूण खर्चाचा जेमतेम सातवा हिस्सा. उरलेल्या सहा हिश्शांची पावतीच फाटत नाही.

आता एका घरात बघा. आमच्या सोसायटीत रंगकाम करणारा एक माणूस गावी वास्तुशांतीला जेवून आला आणि आडवा झाला. त्याची मजुरी बुडाली हे झालंच. त्याची बायको चार घरची कामं करते, तिचेही खाडे झाले, दोन घरांनी पैसे कापले. मुकादमाने त्याच्या जागी दुसरा माणूस लावला आणि हा बरा होऊन आला तेव्हा काम संपलेलं. उसनवारी झाली ती वेगळीच. या सगळ्याचा कागद काय, तर सलाईनची एक चिठ्ठी, आणि तिच्यावर आजाराचं नावसुद्धा नाही. ज्याने स्वयंपाक केला त्याला यातलं काही कळलं नाही, त्याचे पैसे चोख मिळाले.

तुमचे अनुभव लिहा. पण 'बाहेरचं खाऊ नये' एवढंच लिहायचं असेल तर ते मला माहीत आहे.

---

जुनाजाणता

आम्ही लहानपणी ओढ्याचं पाणी प्यायलो, जत्रेत उघड्यावरची भजी खाल्ली, शिळी भाकरी तर रोजच. काही झालं नाही. हल्लीच्या पिढीची पोटंच नाजूक, वरून हे असले डॉलरमधले अहवाल. कशाला एवढा बाऊ?

---

गावठीडॉक्टर

काका, तुमच्या गावची त्या काळातली मृत्यूची नोंदवही मिळाली तर चाळून बघा. कारणाच्या रकान्यात हगवण, पटकी आणि 'बालक, वय १' किती वेळा येतं ते मोजा आणि मग इथे लिहा.

खडीसाखर, तुमच्या चिठ्ठीवर आजाराचं नाव का नसतं ते सांगतो, कारण तशा चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांतला मी एक आहे. तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस आहे. पावसाळ्यात सकाळच्या ओपीडीत बाकड्यावर निम्मे लोक पोट धरून बसलेले असतात आणि सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना लटकवायची वेळ येते. मी लिहितो 'ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस'. याचा अर्थ पोट बिघडलंय, इतकाच. ते पेशंट मला आधीच सांगून चुकलेला असतो.

शौचाची कल्चर तपासणी, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखणं, का करत नाही? एक तर ती उपचारापेक्षा महाग पडते. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, तोवर माणूस बरा होऊन कामावर गेलेला. आणि मुख्य म्हणजे तो माझ्याकडे येण्याआधीच मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन आलेला असतो. त्यानंतर कल्चरमध्ये काही उगवायची शक्यता कमीच. अंगावर काढणारे तर माझ्यापर्यंत येतच नाहीत.

सरकारकडे व्यवस्था नाही असं नाही. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. उपकेंद्रावरची नर्स लक्षणांची माहिती भरते, डॉक्टर संशयित निदानाची, प्रयोगशाळा पक्क्या निदानाची. आता सगळं ऑनलाइन गेलंय. पण ही चाळणी एकाच गावात पन्नास जण एकदम आजारी पडले तर पकडते. पन्नास गावांत एकेक जण पडला, भले एकाच खव्यामुळे का असेना, तर ती गळती दिसणार नाही. आणि खासगी दवाखान्यांतून माहिती किती जाते ते विचारू नका.

अजून एक. पेशंटला 'काय खाल्लं होतं' विचारलं की तो शेवटचं जेवण सांगतो. हे बहुतेक वेळा चूक असतं. खव्यातल्या स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या विषाने दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात, तिथे शेवटचं जेवण बरोबर. पण साल्मोनेला सहा तासांपासून काही दिवसांपर्यंत कधीही, कॅम्पायलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस, आणि 'अ' प्रकारच्या काविळीला तर साधारण महिना. कावीळ झालेला माणूस महिन्यापूर्वी कुठे उसाचा रस प्यायला ते कसं सांगणार? तो कालच्या वडापाववाल्याला शिव्या घालतो आणि खरा गुन्हेगार गाडी ढकलत पुढे गेलेला असतो.

---

धायरीकर

कॅम्पायलोबॅक्टरचं नाव निघालं म्हणून लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, या भागात जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. पेशंट दोनशेच्या आसपास गेले. सुरुवात सगळ्यांची सारखीच: जुलाब, थोडा ताप, दोन-चार दिवसांत बरं. मग आठवड्याभराने जिना चढताना पाय लटपटायला लागले. आमच्याच इमारतीतला एक जण, तिशीतला, हातातला चहाचा कप धरता येईना म्हणून दवाखान्यात गेला तो थेट अतिदक्षता विभागात.

त्याला जे इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं असतं, त्याच्या एकेका इंजेक्शनची किंमत वीस हजार अशी त्या वेळी पेपरात येत होती. त्याच्या घरच्यांनी एफडी मोडली, मग गावाकडे फोन सुरू झाले. महापालिकेने आणि सरकारने नंतर मदत जाहीर केली, कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची सोय झाली, हे खरं. पण पहिल्या आठवड्यात पैसे भरले ते घरच्यांनीच. माणूस वाचला. पुढे किती तरी महिने फिजिओथेरपी चालली. ते 'बुडालेल्या कमाई'त धरतात का?

---

मुक्काम_पोस्ट

पण पुण्याची साथ पाण्यामुळे होती ना? विहिरीच्या पाण्याचा विषय झाला होता, बऱ्याच नमुन्यांत क्लोरीनच नव्हतं म्हणत होते. हा धागा खाण्याबद्दल आहे. उगाच मिसळ करू नये.

---

गावठीडॉक्टर

रास्त शंका. संशय मुख्यतः पाण्यावरच होता. पण पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत सापडलेला कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू जगभर कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून, न तापवलेल्या दुधातूनही तितकाच येतो. कोंबडीच्या आतड्यात तो सुखाने राहतो. पाणी असो की खाणं, शेवटी विष्ठेतलं तोंडात गेलं, हाच त्याचा रस्ता. ज्या पाण्याने टाकी भरली त्याच पाण्याने हॉटेलात कोथिंबीर धुतली जाते, मग तो आजार पाण्याच्या खात्यावर टाकणार की खाण्याच्या?

धायरीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, धरतात. आजारानंतर उरणारं अपंगत्व हिशेबात घेतात. या जंतूचा संसर्ग झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो. त्या इम्युनोग्लोब्युलिनचा डोस वजनावर असतो, किलोमागे दोन ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, पाच दिवसांत वाटून. हे दात्यांच्या रक्तातून काढावं लागतं, म्हणून महाग. हजारात ९९९ जणांचा खर्च ओआरएसची पाकिटं आणि एकाचा खर्च घर गहाण. सरासरी काढली तर आकडा सभ्य दिसतो.

---

परदेशस्थ_मिशिगन

डॉक्टरसाहेबांनी पन्नास गावांत एकेक पेशंटचं म्हटलं, तो प्रश्न इकडे १९९३ नंतर बऱ्यापैकी सुटला. 'जॅक इन द बॉक्स' या बर्गरच्या साखळीतल्या अर्धवट भाजलेल्या मांसामुळे ई. कोलाय ओ१५७ चा संसर्ग झाला, सातशेच्या वर लोक आजारी, चार मुलं गेली. नंतर १९९६ मध्ये 'पल्सनेट' सुरू झालं. प्रत्येक राज्याची प्रयोगशाळा पेशंटकडून मिळालेल्या जंतूचा ठसा काढून एकाच ठिकाणी पाठवते. ओरेगॉनमधला एक आणि ओहायोमधला एक पेशंट यांचा ठसा जुळला की तपास सुरू. अमेरिकेच्या कृषी खात्याने फक्त १५ जंतूंचा खर्च काढला होता, २०१३ च्या किमतींना साडेपंधरा अब्ज डॉलरच्या वर. आपल्याकडे जंतूवार हिशेब असा कुणी काढू म्हटलं तरी कशाच्या आधारावर काढणार? जंतूच ओळखलेला नाही.

मात्र मोजणी असूनही फजिती होते. २०११ मध्ये जर्मनीत भयंकर साथ आली, चार हजारांच्या आसपास आजारी, पन्नासच्या वर मृत्यू. सुरुवातीलाच हॅम्बुर्गमधून जाहीर झालं की दोष स्पेनच्या काकड्यांचा. रातोरात युरोपभर काकडी कुणी घेईना, स्पेनचे शेतकरी माल गुरांना घालत होते. नंतर निघालं काय, तर मोड आलेली मेथी! बी इजिप्तहून आलेलं. शेतकऱ्यांना भरपाई म्हणून युरोपीय संघाने २१ कोटी युरो बाजूला काढले, तरी त्यांचं म्हणणं नुकसान त्याहून कितीतरी जास्त होतं.

(अवांतर: हे वाचल्यापासून आमच्याकडे मोड आलेलं काहीही कच्चं खात नाही. आपली उसळ शिजवायची पद्धत बरी.)

---

वऱ्हाडी_ठेचा

एवढ्या लांब कायले जाता राजेहो. फेब्रुवारी २०२४ आठवा. लोणार तालुक्यातलं सोमठाणा, हरिनाम सप्ताह, एकादशीचा प्रसाद, भगर अन् आमटी. शेकडो लोक एका रात्रीत आजारी. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत, झाडाले दोऱ्या बांधून सलाईनी लटकवल्या होत्या, लोक खाली रस्त्यावर झोपलेले. फोटो देशभर फिरले. त्याच महिन्यात नांदेडच्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीले हेच, तिथं तर दोन हजारांच्या आसपास लोक.

दरसाल नवरात्र, आषाढी, महाशिवरात्र आली का भगरीची बातमी येतेच. एफडीए, म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन, पत्रक काढते, आपण वाचतो, अन् वाण्याकडून सुटी भगर आणतो.

---

गावठीडॉक्टर

भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि ती फ्युमिगाक्लेविनसारखी विषं तयार करते, असं एफडीएच्याच सूचनांमध्ये असतं. दमट हवेत पीठ लवकर बिघडतं, म्हणून पीठ विकत न आणता भगर निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच दळावी. पाकीट आणि तारीख बघून घ्यावी. उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी तेच एक धान्य भरपूर खाल्लं जातं, हाही भाग आहेच.

---

निवृत्त_गुरुजी

शाळेतल्या खिचडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मध्यान्ह भोजनातून २३ मुलं गेली, तेलात कीटकनाशक होतं. त्यानंतर चव घेण्याच्या नियमाची सगळीकडे काटेकोर तपासणी सुरू झाली. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने खिचडी खाऊन बघायची आणि वहीत सही करायची. मीही वर्षानुवर्षं सह्या केल्या.

कीटकनाशक असेल तर चवीत, वासात कळेलही. पण वर डॉक्टरांनी जे तास लिहिलेत ते पाहिले तर त्या चवीचा जंतूंशी काय संबंध? साल्मोनेलाला निदान सहा तास लागणार, मी खाल्ल्यावर अर्ध्या तासात मुलांची पंगत बसणार. मला त्रास सुरू होईपर्यंत मुलं घरी पोचून संध्याकाळचं खेळत असणार. त्यापेक्षा तांदळाची कोठी कोरडी आहे का आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या हातावर जखम आहे का, हे बघितलेलं बरं. त्यात ताईंचं मानधन इतकं तुटपुंजं की हात कापला तरी त्या खाडा करत नाहीत. वहीत चवीचा रकाना आहे, जखमेचा नाही.

---

काळाकोट

कायद्याचं थोडं. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. कलम ६५ फार कमी लोकांना माहीत आहे. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर किमान ५ लाख भरपाई, गंभीर इजा असेल तर ३ लाखांपर्यंत, इतर इजेला १ लाखापर्यंत. घटनेपासून सहा महिन्यांच्या आत मिळाली पाहिजे आणि मृत्यू असेल तर नातेवाइकांना ३० दिवसांत अंतरिम मदत, असं कायदा म्हणतो. म्हणजे खडीसाखर, तुमची वही कायद्यात आहे.

अडतं कुठे, तर पुराव्यात. या अन्नामुळेच हा आजार, हे दाखवायचं कसं? शौचाची तपासणी नाही, चिठ्ठीवर आजाराचं नाव नाही, आणि अन्न सुरक्षा अधिकारी येईपर्यंत पातेली घासून पालथी घातलेली. कलम ३५ नुसार अधिसूचना काढून एखाद्या भागातल्या डॉक्टरांना विषबाधेचा प्रत्येक प्रकार कळवायला सांगता येतं. सांगता येतं, इतकंच.

व्यवहाराचं सांगायचं तर, मोठ्या पंगतीनंतर त्रास झाला तर कुणीतरी एकाने उरलेलं अन्न स्वच्छ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावं, फेकू नये. गोळी घेण्याआधी शौचाचा नमुना द्यावा. आणि त्याच दिवशी एफडीएला लेखी कळवून पोच घ्यावी. कोण जेवलं, कोण नाही, कुणाला किती वाजता त्रास झाला, याची साधी यादी केली तरी पुढे तिचा फार उपयोग होतो.

---

आचारी_नाशिक

सगळं वाचलं. आता ज्याच्या नावाने खडे फोडताय त्याचं ऐका. वीस वर्षं झाली धंद्यात.

मुहूर्त साडेबाराचा. नवरदेव घोड्यावर नाचण्यात वेळ घालवतो, अक्षता पडतात पावणेदोनला. शेवटची पंगत उठते पाचला. मसालेभात मी उतरवलेला असतो दहाला, कारण यजमान अकरापासून डोक्यावर उभे, 'झालं का, झालं का'. मग टोपावर परात, परातीवर ओलं गोणपाट, म्हणजे भात गरम राहतो. खरं सांगू का, गरम राहत नाही, कोमट राहतो. वरचा भात गार, मधला ऊन. पाच वाजता जो भात वाढला जातो तो सात तासांचा असतो.

खव्याचं विचाराल तर सराईत भाव चढतो आणि लांबून माल येतो. कुठल्या गाडीत, किती तास, देव जाणे. यजमान म्हणतो दर वाढवू नका, पण ताटात दोन गोडं पाहिजेत, पनीर पाहिजे, चाट पाहिजे. एकवीस पदार्थ आणि दर गेल्या वर्षीचा. मी बर्फाची पेटी लावतो म्हटलं की समोरचा म्हणतो, तो पलीकडचा केटरर याचे पैसे घेत नाही.

---

गावठीडॉक्टर

दादा, तुम्ही जे कोमट म्हणता तेच दुखणं आहे. पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वाढतात, आणि गोणपाटाखाली ते नेमके तिथेच असतात. भातात बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट झाला की उगवतात आणि विष सोडतात. नंतर तो भात पुन्हा रटरटून तापवला तरी हे विष जात नाही. खव्यातल्या स्टॅफचंही तेच. म्हणून 'परत उकळी आणली होती' हे ऐकलं की मी कपाळाला हात लावतो.

---

खडीसाखर

आचारीदादा, मला हवा तो हिशेब तुमच्याकडेच आहे. डॉक्टर म्हणतात तसं साठ अंशांच्या वर ठेवायचं, दुधाचे पदार्थ बर्फात, भात दोन घाण्यांत करायचा, तर ताटामागे किती वाढतील?

---

आचारी_नाशिक

दुसरा घाणा म्हणजे एक सिलिंडर जादा, एक भट्टी अडकून आणि दोन पोरं संध्याकाळपर्यंत थांबवायची. बर्फ, पेटी. पाचशे पानांच्या कामात ताटामागे पंधरा ते वीस रुपये. खवा मी स्वतः समोर आटवून घ्यायचा तर आणखी दहा. थर्मामीटर काही शे रुपयांत येतो, तो एकदाचाच खर्च, तो मी घेईन.

---

खडीसाखर

म्हणजे जास्तीत जास्त तीस रुपये. पाचशे पानांचे पंधरा हजार. आमच्या रंगवाल्याची मजुरी, बायकोचे खाडे, दवाखाना आणि उसनवारी मिळून एका घराचे सात-आठ हजार सहज गेले होते. त्या वास्तुशांतीत आजारी पडलेल्यांपैकी दोनच घरं धरली तरी तुमचा जादा खर्च निघाला. फक्त तुमच्या बिलावर तो यजमानाला दिसतो आणि रंगवाल्याच्या घरात गेला की कुणालाच दिसत नाही.

---

जुनाजाणता

बरं, आचारी, ते तीस रुपये लावून दरपत्रक पाठवा. मार्गशीर्षात नातीचं लग्न आहे, चारशे पान. मुलगा कुरकुर करेल, त्याच्याशी मी बोलतो. पण चाट काढून टाका, त्यात किती वाचतात तेही लिहा.